बैलजोडी, गाय-वासरू, पंजा... आणि कपबशी

२०२४ च्या नोव्हेंबरात माझ्या लेकीनं पहिल्यांदा मतदान केलं. तासभर रांगेत उभी राहून, शाईचं बोट नाचवत घरी आली. रात्री जेवताना तिनं सहज विचारलं, "बाबा, तुझं पहिलं मत कुणाला होतं रे?"

"१९९५. विधानसभा. युतीला दिलं होतं."

"मग? बदललं का काही?"

"काही नाही गं. सगळे सारखेच," मी म्हणालो आणि आमटी वाढून घेतली.

ती गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे मी उगाचच उभी राहिले रांगेत?"

खरं सांगतो मंडळी, घास घशाखाली उतरेना. 'सगळे सारखेच' हे वाक्य मी इतक्या वेळा आणि इतक्या सवयीनं बोललोय की ते कधी शिकलो हेच विसरून गेलो होतो. त्या रात्री आठवायला बसलो, नंतर जुने आकडे काढून पाहिले, गावी फोनाफोनी केली. जे हाती लागलं ते इथे लिहून ठेवतोय. घरातली मंडळी वाचतीलच, चुकलं असेल तर कान धरा.

आमच्या आजोबांपासूनच सुरुवात करावी लागेल. पश्चिम महाराष्ट्रातलं उसाचं गाव. (गावाचं आणि मतदारसंघाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे कळेल.) आजोबांना सही करता यायची, वाचता यायचं नाही. त्यामुळे त्यांच्या लेखी निवडणूक म्हणजे चित्र. १९५२ पासून काँग्रेसची बैलजोडी होती, १९७१ पासून गाय-वासरू आलं, आणि १९७८ पासून हाताचा पंजा. चित्र बदललं की आमचे तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते, आजोबांना ते कागदावर काढून दाखवायचे. आजोबा मान डोलवायचे आणि म्हणायचे, "चित्र बदललं, घर त्येच न्हवं?" तात्या गावच्या सोसायटीचे चेअरमन आणि पक्षाचे पक्के माणूस. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, त्यामुळे राजकारणावर घरात न बोलणारे.

आजोबांची ही निष्ठा आंधळी नव्हती, हे आधी सांगायला हवं. आमची जी चार-साडेचार एकर जमीन आहे ती कुळकायद्यातली. आजोबा दुसऱ्याच्या रानात कूळ म्हणून राबत होते. १ एप्रिल १९५७ या 'कृषक दिना'ला कायद्यानं कुळं मालक मानली गेली, आणि पुढे ३२-ग ची कारवाई होऊन, हप्ते भरून, आजोबांचं नाव सातबाऱ्यावर लागलं. १९७२ च्या दुष्काळात आजीनं खडी फोडली, सुकडी खाऊन दिवस काढले. त्याच दुष्काळी कामांतून पुढे रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. मग कारखाना आला, दूध संघ आला, जिल्हा बँकेची शाखा आली. आजोबांच्या पिढीनं हे सगळं आपल्या डोळ्यांनी उभं राहताना पाहिलं होतं. ज्यानं दिलं त्याला मत, इतका सरळ हिशोब.

आणि तो हिशोब एकट्या आमच्या घरातला नव्हता. १९६२ साली, संयुक्त महाराष्ट्र झाल्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीत, काँग्रेसला २६४ पैकी २१५ जागा मिळाल्या. १९६७ ला २७० पैकी २०३, १९७२ ला २२२. १९७८ ला पक्ष फुटला, शरद पवारांचं पुलोद सरकार आलं. पण त्या सरकारचा मुख्यमंत्रीसुद्धा मूळचा काँग्रेसचाच. १९८० ला २८८ पैकी १८६, १९८५ ला १६१, १९९० ला १४१. आज हे आकडे एकाखाली एक मांडले की उतरण स्पष्ट दिसते. तेव्हा आम्हाला ती दिसत नव्हती. आमच्याकडे सत्ता म्हणजे मुंबईचं मंत्रालय नव्हतंच मुळी. सत्ता म्हणजे कारखाना.

शहरातल्या वाचकांसाठी थोडं समजावून सांगतो. उसाचं पीक तोडायला आलं की ते वेळेत तुटावं लागतं. उशीर झाला की तुरे येतात, वजन घटतं, उतारा पडतो आणि पुढचं पीकही लांबतं. तोड कुणाची कधी, हे कारखाना ठरवतो. लागणीच्या नोंदीप्रमाणे पाळी येते म्हणतात, पण चिटबॉय कुणाच्या बांधावर आधी येतो आणि टोळी कुणाच्या रानात आधी उतरते हे वरच्या फोनावरही अवलंबून असतं. तोच संचालक जिल्हा बँकेवर, त्याचाच भाऊ दूध संघात, त्याचाच माणूस सोसायटीत. कर्ज, ऊस, दूध, पोराची नोकरी... सगळ्या दोऱ्या एका खुंटीला. ज्या संस्थांनी आजोबांना उभं केलं, त्याच संस्था त्यांना बांधून घालायच्याही कामाला आल्या. हे एका दिवसात झालं नाही, त्यामुळे नेमकं कधी झालं ते कुणाला सांगता येत नाही.

आमच्या घराला ते कळलं १९९४-९५ च्या हंगामात. त्याआधीच्या वार्षिक सभेत माझ्या वडिलांनी, आयुष्यात पहिल्यांदा, उभं राहून दराबद्दल एक प्रश्न विचारला होता. साधा प्रश्न, तोही मास्तरी भाषेत. उत्तर मिळालं नाही, टाळ्याही मिळाल्या नाहीत. पण त्या हंगामात आमची तोड आलीच नाही. डिसेंबर गेला, जानेवारी गेला, उसाला पांढरे तुरे आले. तात्यांनी दोन-तीनदा शब्द टाकला, काही झालं नाही. शेवटी आजोबा स्वतः, धुतलेलं धोतर नेसून, पटका बांधून, एका संचालकाच्या बंगल्यावर गेले. सकाळी आठला गेले आणि दुपारी दोनपर्यंत त्यांना बाहेरच्या सोप्यात बसवून ठेवलं. पाणी विचारलं नाही. मग निरोप आला, "साहेब झोपलेत."

आजोबा घरी आले, पटका खुंटीला लावला आणि गोठ्यात गेले. जेवायला आले नाहीत. मी तेव्हा कॉलेजच्या सुट्टीत घरी होतो. तात्यांशी त्या दिवशी ते काहीच बोलले नाहीत आणि तात्यांनाही काही बोलता आलं नाही.

राज्यभर तेव्हा काय चाललं होतं ते वेगळं सांगायला नको. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबईतल्या दंगली, १२ मार्च १९९३ चे बॉम्बस्फोट, सुधाकरराव नाईक जाऊन पवारांचं पुन्हा येणं, ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, एन्रॉनचा करार, खैरनारांचे आरोप. आणि २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपूरला विधानभवनावर मोर्चा घेऊन आलेल्या गोवारी समाजाची चेंगराचेंगरी, ज्यात ११४ जीव गेले. त्यात बायका आणि पोरं जास्त. आमच्याकडे ही सगळी बातमी पेपरातली होती. पण पेपरातली बातमी आणि सोप्यातले सहा तास एकत्र आले की त्याचं वेगळंच रसायन बनतं. 'यांना आपण दिसतच नाही' ही एकच भावना दोन्हीकडून येत होती.

फेब्रुवारी-मार्च १९९५ ची निवडणूक शेषनसाहेबांच्या धाकातली. भिंती कोऱ्या, रात्रीचे भोंगे बंद, खर्चाच्या पावत्या मागितल्या जायच्या. म्हातारे म्हणायचे, "ही कसली विलेक्शन, सुतक पडल्यागत." पण मतदान किती झालं बघा, जवळपास ७२ टक्के! १९९० ला ६२ टक्क्यांच्या आसपास होतं. त्यानंतर आजवर महाराष्ट्राच्या विधानसभेला एवढं मतदान झालेलं नाही. २०२४ ला लाडक्या बहिणींपासून सगळ्यांची एवढी चर्चा झाली, तरी आकडा ६६ पर्यंतच पोचला.

माझं पहिलं मत. तेव्हा मशीन नव्हतं, चादरीएवढी मतपत्रिका आणि फुलीचा शिक्का. राज्यात साडेचार हजारांच्या वर उमेदवार उभे होते. मी युतीच्या उमेदवाराला मत दिलं. का? युतीचा कार्यक्रम वाचून वगैरे अजिबात नाही. मला आमच्या आजोबांना सोप्यात बसवणारे पडलेले बघायचे होते. बस्स.

आजोबांनी कुणाला दिलं ते त्यांनी सांगितलं नाही. तात्या दिवसभर पक्षाच्या बूथवर चिठ्ठ्या वाटत बसले होते. आजोबा त्यांच्या समोरून गेले, चिठ्ठी घेतली, आत गेले, बाहेर आले आणि सरळ रानाकडे चालू लागले. तात्यांनी हाक मारली तर वळून पाहिलं नाही.

निकाल लागले ते होळीच्या तोंडावर. मतमोजणी हातानं, त्यामुळे दोन दिवस ट्रान्झिस्टरला कान. काँग्रेस ८० वर! १४१ वरून ८०. लातूरला विलासराव देशमुख पडले ही बातमी ऐकली तेव्हा चावडीवर लोकांचा विश्वास बसेना. १४ मार्च १९९५ ला शिवाजी पार्कवर मनोहर जोशींनी शपथ घेतली, गोपीनाथ मुंडे उपमुख्यमंत्री. राज्य झाल्यापासून पहिल्यांदा काँग्रेसच्या घराबाहेरचा माणूस त्या खुर्चीत बसला. आम्ही कॉलेजची पोरं गुलाल घेऊन नाचलो. कशासाठी नाचतोय हे कुणी विचारलं असतं तर 'ते पडले म्हणून' एवढंच सांगता आलं असतं.

आता त्या निकालाचे आकडे, जे मी तेव्हा पाहिलेच नव्हते आणि आता तीस वर्षांनी पाहून थक्क झालो.

शिवसेना ७३, भाजप ६५, म्हणजे युती १३८. बहुमताला १४५ लागतात. आणि मतं? काँग्रेसला ३१ टक्के. शिवसेनेला १६ च्या वर आणि भाजपला १३ च्या जरा खाली, दोघांचे मिळून २९ च्या आसपास. म्हणजे हरलेल्या पक्षाला जिंकलेल्या युतीपेक्षा जास्त मतं होती! मग उरलेली कुठे गेली? अपक्षांकडे. २३ टक्क्यांहून जास्त मतं आणि ४५ आमदार. आणि हे अपक्ष कोण? बहुतेक काँग्रेसचेच बंडखोर. तिकीट मिळालं नाही म्हणून उभे राहिलेले, कुणाचा भाऊ, कुणाचा पुतण्या, कुणी कारखान्याचा संचालक.

म्हणजे १९९५ ला महाराष्ट्रानं युतीला निवडून दिलं असं आपण सरसकट म्हणतो ते अर्धंच खरं आहे. पक्ष पडला, पण त्याच घरातली बरीच माणसं मागच्या दारानं विधानसभेत पोचली, आणि त्यांच्याच पाठिंब्यावर नवं सरकार उभं राहिलं. इंदापूरचे हर्षवर्धन पाटील आणि काटोलचे अनिल देशमुख हे दोघे १९९५ ला अपक्ष म्हणून निवडून आले आणि युतीच्या मंत्रिमंडळात राज्यमंत्री झाले. १९९९ नंतर काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारातही दोघे मंत्री होते. मी त्यांना नावं ठेवत नाही, ज्याचं त्याचं राजकारण. पण मतदाराच्या जागी उभं राहून बघा. त्यानं घर बदललं असं त्याला वाटतंय, आणि सकाळी उठून पाहतो तर ओट्यावर तेच पाहुणे चहा पीत बसलेत.

आमच्याकडेही अगदी तेच. आमच्या भागात निवडून आला तो अपक्ष. निशाणी कपबशी. आणि तोही एका कारखान्याचा संचालक. निकालानंतर महिन्याभरात त्याच्या जीपवरचं फडकं बदललं, बाकी जीप तीच, ड्रायव्हर तोच.

युतीनं काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. मुंबईचं नाव अधिकृतपणे 'मुंबई' झालं. मुंबईतले उड्डाणपूल, पुण्याचा द्रुतगती मार्ग, कृष्णा खोरे महामंडळ, ही कामं त्याच काळात सुरू झाली. पण लोकांनी जे लक्षात ठेवलं होतं ते वेगळं होतं. एन्रॉन समुद्रात बुडवणार म्हणून सांगितलं होतं. ऑगस्ट १९९५ ला करार रद्दही झाला, आणि जानेवारी १९९६ पर्यंत पुन्हा वाटाघाटी होऊन प्रकल्प परत आला, आधीपेक्षा थोडा मोठाच होऊन. एक रुपयात झुणका-भाकर केंद्रं निघाली, काही चालली, बऱ्याच ठिकाणी झुणका कमी आणि मोक्याची जागा जास्त महत्त्वाची ठरली. चाळीस लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरांचं तर विचारूच नका. श्रीकृष्ण आयोग जानेवारी १९९६ ला गुंडाळला, मे मध्ये पुन्हा सुरू करावा लागला. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली. नागपूरची चेंगराचेंगरी आणि घाटकोपरचा गोळीबार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कळतं. पण 'यांना आपण दिसतच नाही' ही भावना पुन्हा तीच.

गावात काय बदललं? तात्यांची सोसायटी तात्यांकडेच राहिली. संचालक मंडळात दोन नवी नावं आली, ती नव्या रंगाची. तोडीचा फोन आता दोन ठिकाणांहून यायला लागला. वडिलांनी सभेत पुन्हा कधी प्रश्न विचारला नाही.

मग १९९९. तोपर्यंत पवारांनी वेगळी चूल मांडून राष्ट्रवादी काढली होती. आजोबांनी तात्यांना विचारलं, "आता यातला कंचा आपला? हात का घड्याळ?" तात्या म्हणाले, "आबा, दोन्ही आपलेच." आजोबा म्हणाले, "मग भांडत्यात कशापायी?" घरात सगळे हसले. पण प्रश्न काही चुकीचा नव्हता. निकालानंतर दोघं एकत्र आलेच, ७५ अधिक ५८, वर अपक्ष आणि छोटे पक्ष. चार वर्षांपूर्वी लातूरला पडलेले विलासराव १८ ऑक्टोबर १९९९ ला मुख्यमंत्री झाले, आणि पुढची पंधरा वर्षं त्या आघाडीची सत्ता राहिली.

मी तेव्हा पुण्यात नोकरीला होतो. मतदानाला गावी गेलो नाही. सुट्टी मिळत होती, एस.टी.ही होती. गेलो नाही, कारण 'सगळे सारखेच'. हे वाक्य मी पहिल्यांदा म्हणालो ते तेव्हा, खोलीवरच्या मित्रांसमोर, मोठ्या शहाणपणाचा आव आणून. आणि मी एकटा नव्हतो. जवळपास ७२ टक्क्यांवरून मतदान ६१ टक्क्यांवर आलं. सप्टेंबरचा पाऊस होता, खरिपाची कामं होती, हे धरायलाच हवं. सगळा फरक निराशेच्या खात्यावर टाकता येणार नाही. पण निदान माझं तरी एक मत त्या खात्यावर पक्कं जमा आहे.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा आजोबा अंगणात उन्हाला बसले होते. मी शेजारी जाऊन बसलो. त्यांनी विचारलं, मत टाकलंस का. मी नाही म्हणालो आणि माझं ते शहाणपणाचं वाक्य ऐकवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एकदम म्हणाले, "पंच्याण्णवला म्या कपबशीवर शिक्का मारला हुता."

मी उडालोच. "आबा, पण तो तर..."

"ठावं हाय मला कोन त्यो. पर त्या दिशी हात पंज्याकडं जाईना बग."

मग त्यांनी सांगितलं की आयुष्यात त्यांनी बैलजोडीच्या घराचं मत दोनदाच चुकवलं. एकदा पंच्याण्णवला आणि त्याआधी सत्तावनला. सत्तावनचं मला माहीतच नव्हतं. मी विचारलं, तेव्हा काय झालं होतं? ते म्हणाले, "तवा काय पायजे ते ठावं हुतं. मुंबय पायजे हुती."

बस, एवढंच. मी तेव्हा त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. आजोबा २००३ ला गेले. आणि लेकीच्या प्रश्नानंतर आकडे घेऊन बसलो तेव्हा ते वाक्य पुन्हा समोर येऊन उभं राहिलं.

१९५७ चं बघा. तेव्हा राज्य द्वैभाषिक होतं, गुजरात-महाराष्ट्र एकत्र. संयुक्त महाराष्ट्र समितीनं मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला झोपवलं. खुद्द यशवंतराव चव्हाण कराडला निसटत्या मतांनी आले. पण गुजरात, विदर्भ वगैरे भागांच्या जोरावर काँग्रेसनं ३९६ पैकी २३४ जागा घेतल्या आणि सरकार काँग्रेसचंच राहिलं! म्हणजे आजोबांचं मत त्या वेळी सरकारच्या दृष्टीनं फुकट गेलं. सरकार पडलं नाही, मुख्यमंत्री बदलला नाही. आणि तरीही तीन वर्षांत, १ मे १९६० ला, मुंबईसह महाराष्ट्र झाला. तो काही एकट्या मतपेटीनं झाला नाही. शंभरावर हुतात्मे होते, गुजरातेत महागुजरातची चळवळ होती, चव्हाणांनी दिल्लीत केलेली समजावणी होती. पण दिल्लीला समजावताना हातात दाखवायला १९५७ चा निकाल होता. लोकांना काय हवंय याबद्दल कुणाच्या मनात शंका उरली नव्हती.

१९९५ ला नेमकं उलटं. सरकार पडलं, पक्ष ८० वर आला, खुर्चीत नवा माणूस बसला. जे सत्तावनला झालं नव्हतं ते सगळं झालं. आणि तरी चार वर्षांत आम्ही हात झटकून बसलो. कारण आम्हाला काय नको ते माहीत होतं, काय हवं ते नव्हतं. कुणाला दंगलीचा राग, कुणाला एन्रॉनचा, कुणाला तिकीट कापल्याचा, आणि आम्हाला सोप्यातल्या सहा तासांचा. सगळे राग एका दिवशी पेटीत पडले आणि सकाळी त्यांची बेरीज झाली. पण रागांची बेरीज म्हणजे मागणी नव्हे. तोडीची पाळी नोंदीप्रमाणेच लागली पाहिजे, यादी बोर्डावर लागली पाहिजे, सभेत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं पाहिजे, असं कुठल्याही उमेदवारासमोर आमच्या गावातलं कुणीही म्हणालं नाही. मीही नाही. आम्ही गुलाल उधळला आणि परत कामाला लागलो. मग जीप तीच राहिली यात जीपवाल्याचा दोष किती आणि आमचा किती?

हरलेल्या पक्षाबद्दलही असंच काहीसं वाटतं. १९९५ च्या मारानंतर त्यांनी स्वतःला काय विचारलं असेल? बंडखोर परत कसे आणायचे, हे नक्कीच विचारलं. ते आलेही, आणि १९९९ ला सत्ता आली. म्हणजे हरण्याचं कारण शोधायची गरजच पडली नाही. ती उतरण मात्र तशीच चालू राहिली. २०१४ ला काँग्रेस ४२, राष्ट्रवादी ४१. २०२४ ला काँग्रेस अवघी १६. या घसरणीला इतर शंभर कारणं आहेत, पण एक घरातलंही आहे, असं मला वाटतं. १९९५ चा निकाल म्हणजे एक मोठं, स्पष्ट अक्षरातलं पत्र होतं. ते कुणी वाचलंच नाही. आणि लिहिणाऱ्यांनीही पुढे काय झालं ते विचारायचा कंटाळा केला.

असो. हे सगळं मी परवा लेकीला सांगितलं. आकडे, आजोबा, कपबशी, सगळं. म्हटलं, तुझं रांगेत उभं राहणं फुकट नाही गेलं, माझं वाक्य फुकट होतं. ती ऐकत होती, मध्ये मोबाईलही बघत होती. शेवटी म्हणाली, "पणजोबांना मुंबई हवी होती. तुला काय हवं होतं?"

मी म्हणालो, विचार करून सांगतो. अजून करतोय. तिला उलट विचारलं, तुला काय हवंय? तर म्हणाली, आमच्या कॉलेजच्या रस्त्यावर दिवे आणि साडेनऊनंतरची बस. मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. कारण १९९५ ला माझ्याकडे एवढंसुद्धा नव्हतं.

ता.क. काकू, हे वाचत असशील तर माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांची ३२-ग ची कागदं आहेत, त्यातच त्या हंगामाची ऊसनोंदीची पावतीही असायला हवी. सापडली तर फोटो पाठव. आणि तात्यांना हे वाचून दाखव, पण कपबशीचा भाग जरा हळू आवाजात. त्यांना आजवर माहीत नाहीये.